चार फेऱ्या, चार देश आणि एक हरवलेले मैदान

ब्रेक नाहीत, गिअर एकच आणि वळण फक्त डावीकडे! अशा मोटारसायकलींच्या 'स्पीडवे' या खेळाशी आपला फारसा परिचय नाही. युरोपातील कित्येक छोट्या शहरांत मात्र सामन्याच्या दिवशी दुसरा विषय नसतो. इंग्लंडमध्ये या खेळाच्या नादी लागून पुढे देशोदेशीची मैदाने पाहिलेल्या एका चाहत्याच्या या आठवणी.

पुण्यात आमच्या घरी माळ्यावर एक पुठ्ठ्याचा खोका आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत तो खाली उतरतो, 'हे रद्दीत द्यायचे का?' असा प्रश्न घरात विचारला जातो आणि खोका पुन्हा माळ्यावर जातो. त्यात सुमारे दोनशे पुस्तिका आहेत. बहुतेकींच्या मधल्या पानांवर पंधरा चौकटी छापलेल्या असून त्यांत पेन्सिलीने ३, २, १ आणि ० हे आकडे भरलेले आहेत. काही पानांवर तांबड्या मातीचे शिंतोडे आहेत. शाळेत असताना रेडिओवरचे समालोचन ऐकत वहीत क्रिकेटचा धावफलक मांडणाऱ्या माझ्या पिढीला हा प्रकार अनोळखी वाटू नये. फरक इतकाच, की हे आकडे क्रिकेटचे नसून स्पीडवेचे आहेत आणि ते ज्या मैदानांवर लिहिले, त्यांपैकी काही मैदाने आता अस्तित्वात नाहीत.

एरंडेलाचा वास

१९९९ साली नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरात गेलो. मोटारी आणि यंत्रे बनविणारे हे शहर. ट्रायम्फ मोटारसायकलीचा जन्मही इथलाच. कारखान्यातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. एका संध्याकाळी त्यांनी मला गाडीत बसविले आणि शहराबाहेर काही मैलांवर असलेल्या ब्रँडन या खेड्यातील मैदानावर नेले. दारातच त्यांनी दोन पुस्तिका विकत घेतल्या, एक माझ्या हातात दिली, खिशातून पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, 'आधी लिही, मग टाळ्या वाजव.'

मैदानात शिरताच जाणवला तो वास. या मोटारसायकली पेट्रोलवर चालत नाहीत. त्यांचे इंधन मिथेनॉल. वंगण म्हणून त्यांत पूर्वापार एरंडेलाच्या जातीचे तेल वापरले जाते. लहानपणी नाक दाबून ज्याचा चमचा घशाखाली ढकलला, ते एरंडेल जळाल्यावर इतके मोहक दरवळत असेल, याची मला कल्पना नव्हती. पुढे कुठल्याही देशातल्या मैदानावर गेलो, तरी भाषा येत नसताना 'आपण योग्य ठिकाणी आलो' ही खात्री याच वासाने दिली.

खेळ समजायला पाच मिनिटे पुरतात. मातीचा लंबवर्तुळाकार मार्ग, साधारण तीनशे-साडेतीनशे मीटरचा. एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. सुरुवातीला समोर आडव्या ताणलेल्या फिती असतात. त्या झटकन वर गेल्या की शर्यत सुरू. एका मिनिटाच्या आसपास सारा खेळ संपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. संघांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे दोन-दोन स्वार एकावेळी उतरतात आणि अशा पंधरा शर्यतींची बेरीज करून निकाल लागतो. शिरस्त्राणांवरील रंगावरून कोण कोणाचा हे ओळखायचे. दोन शर्यतींच्या मध्ये ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, पाणी मारतो आणि प्रेक्षक आपापल्या पुस्तिकेत मान खाली घालून आकडे लिहितात. हजारो माणसे एकाच वेळी पेन्सिल चालवीत आहेत, हे दृश्य मला शर्यतीइतकेच अपूर्व वाटले होते.

तोल जाणे हेच सुकाणू

मोटारसायकलीचे इंजिन ५०० सीसीचे, एकाच सिलिंडरचे. गाडीचे वजन ऐंशी किलोच्या आत आणि शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती! म्हणजे जवळजवळ प्रत्येक किलोमागे एक घोडा. अशा गाडीला ब्रेक नसावेत, हे ऐकून कोणीही चकित होईल. पण त्यामागे विचार आहे. चार स्वार एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर आदळणारच. कोणालाच एकाएकी थांबता येत नाही, म्हणून सगळ्यांना एकमेकांचा अंदाज बांधता येतो.

मग वळणावर वेग आवरतो कसा? स्वार वळण येण्याआधीच मागचे चाक मातीवरून बाहेरच्या बाजूस घसरू देतो. गाडी आडवी होते. पुढचे चाक उजवीकडे वळलेले आणि गाडी निघालेली डावीकडे, असे चमत्कारिक दृश्य दिसते. डाव्या पायाच्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो पाय मातीवरून सरकवीत स्वार तोल सांभाळतो. घसरण्यामुळेच वेग कमी होतो आणि घसरण्यामुळेच गाडी वळते. एरवी ज्याला आपण तोल जाणे म्हणतो, तेच इथे सुकाणू आहे. मागच्या चाकाने उडविलेली माती थेट कठड्याजवळच्या प्रेक्षकांवर येते. माझ्या पुस्तिकांवरचे डाग त्याचेच.

मातीचे म्हणाल, तर आपल्याकडील कुस्तीच्या आखाड्याची आठवण व्हावी इतकी तिची निगा राखली जाते. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद जसा हौद्यातली माती मुठीत दाबून पाहतो, तसाच स्पीडवेच्या मैदानावरचा माळी बुटाच्या टाचेने मार्ग उकरून पाहतो. पाणी जास्त झाले तर चाके रुततात, कमी झाले तर धुरळ्यात काही दिसत नाही. आतली कड घट्ट आणि बाहेरची भुसभुशीत ठेवली, की मागचा स्वार बाहेरून वळसा घेऊन पुढे निघू शकतो. सामना रंगणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या माणसाच्या टाचेवर ठरते.

शेतकी प्रदर्शनातून वेम्बलीपर्यंत

या खेळाचा जन्म कुठला, यावर चाहत्यांत आजही वाद झडतात. सर्वांत प्रसिद्ध दावा ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलँडचा. १५ डिसेंबर १९२३ रोजी तेथील शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर विजेच्या दिव्यांच्या उजेडात मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. त्यामागे जॉनी हॉस्किन्स हा मूळचा न्यूझीलंडचा खटपट्या गृहस्थ होता. इंग्लंडमध्ये खेळाने मूळ धरले ते १९ फेब्रुवारी १९२८ रोजी. लंडनजवळच्या एपिंग जंगलातील हाय बीच येथे एका हॉटेलामागच्या मोकळ्या जागेत शर्यती भरल्या आणि संयोजकांच्या अपेक्षेच्या कित्येक पट लोक लोटले. पाहता पाहता इंग्लंडच्या शहराशहरांत मैदाने उभी राहिली. ब्रँडनही त्याच १९२८ सालचे.

१९३६ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायनल व्हॅन प्राग जगज्जेता ठरला. पुढे अनेक वर्षे वेम्बलीची अंतिम फेरी हा चाहत्यांचा वार्षिक उत्सव होता. १९८१ साली तो तिथे शेवटचा साजरा झाला. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांपैकी कित्येक रात्री उभे राहून पाहिल्या होत्या. १९९५ पासून एका रात्रीच्या अंतिम फेरीऐवजी वर्षभर वेगवेगळ्या देशांत होणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली. २००० साली तिचा ब्रिटनमधील सामना आमच्या ब्रँडनलाच झाला. त्या रात्री केवळ स्थानिक निमंत्रित म्हणून उतरलेल्या मार्टिन डुगार्डने जगातल्या नामवंतांना मागे टाकून विजेतेपद पटकाविले. माझ्या त्या पानावरचे आकडे वाकडेतिकडे आहेत. हात थरथरत होता, दुसरे काय!

प्राग : जावाच्या माहेरी

ग्रां प्रीमुळे चाहत्यांना परदेशप्रवासाचे निमित्त मिळाले. त्याच सुमारास युरोपात स्वस्त विमानसेवांचे पेव फुटले. ब्रिटिश चाहते गटागटाने निघत. गळ्यात क्लबाच्या रंगाचे मफलर आणि सामानात मागील मोसमाच्या पुस्तिका. २००४ मध्ये आम्हीही प्रागला गेलो.

प्राग म्हटले की पर्यटकांना चार्ल्स पूल आठवतो. आम्ही गाठले ते मार्केता मैदान. तेथे पोचल्यावर मला वेगळाच आनंद झाला. उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांपैकी एकीच्या टाकीवर नाव होते 'जावा'! आपल्याकडे ज्यांचे तारुण्य सत्तरीच्या दशकात गेले, त्यांना या नावाचे अप्रूप सांगायला नको. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार झाल्या आणि त्यांच्या 'फट्फट्' आवाजाने महाराष्ट्रातले रस्तेही दणाणले. तीच जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तेथील दिविशोव्ह या लहानशा गावात 'एसो' नावाचा कारखाना शर्यतीच्या गाड्या बनवीत असे. १९६४ मध्ये तो जावात विलीन झाला आणि जावाची स्पीडवे गाडी जगभर धावू लागली. पूर्व युरोपावर पोलादी पडदा असतानाच्या काळात पश्चिमेचे नामवंत स्वार साम्यवादी देशात बनलेल्या गाडीवर जगज्जेते होत होते, ही गंमत इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही.

त्याच प्रवासात एका चेक चाहत्याने पार्दुबिट्सेच्या 'सुवर्ण शिरस्त्राण' स्पर्धेविषयी सांगितले. १९२९ पासूनची ही स्पर्धा जागतिक अजिंक्यपदापेक्षाही जुनी. तिथे चारऐवजी सहा स्वार एकावेळी सुटतात. पहिल्या वळणावर सहा गाड्या एकत्र शिरताना पाहणे म्हणजे श्वास रोखून धरणे. दोन वर्षांनी मी ती मुद्दाम जाऊन पाहिली. माझ्या चौकटी चारांच्याच सवयीच्या होत्या; सहा नावांचे गुण लिहिताना पुरती तारांबळ उडाली.

डेन्मार्क आणि स्वीडन : खेड्यातले जगज्जेते

डेन्मार्कमधील वोयन्स हे छोटे गाव. १९७१, १९७५ आणि १९७८ असा तीनदा जगज्जेता ठरलेल्या ओले ओल्सेनने इथे खडी काढून झालेल्या जुन्या खाणीत मैदान उभारले. १९७५ मध्ये ते सुरू झाले. भोवतीचे खाणीचे उतार हेच प्रेक्षागृह. कोठेही बसा, सगळा मार्ग तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. एका खेळाडूने आपल्या कमाईतून गावाला असे मैदान द्यावे आणि जगाने तिथे यावे, याचे मला मोठे कौतुक वाटले. त्या गवताळ उतारावर शेजारी बसलेल्या आजीबाई विणकाम करीत होत्या. शर्यत सुटली की सुया थांबत, संपली की त्या गुण लिहीत आणि पुन्हा विणू लागत.

स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातील मोलिला तर त्याहून लहान. लोकसंख्या दीड हजाराच्या घरात. या गावाला दोन गोष्टींचा अभिमान. एक तेथील स्पीडवे संघ आणि दुसरा उष्णतेचा विक्रम! १९४७ च्या जूनमध्ये येथे ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. स्वीडनमधील हा उच्चांक. त्याची आठवण म्हणून गावात भला मोठा तापमापक उभा आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींना यावर हसू येईल. आम्ही गेलो त्या जुलैच्या मंगळवारी मात्र स्वेटर घालावा लागला. संध्याकाळ उलटली तरी लख्ख उजेड होता आणि भोवतीच्या झाडीत इंजिनांचा आवाज विरून जात होता.

मंगळवार हा स्वीडिश लीगचा वार. या खेळाची एक खासियत तिथे उमगली. फुटबॉलपटू एका क्लबाशी बांधलेला असतो. स्पीडवेचा स्वार त्या काळी एकाच मोसमात दोन-तीन देशांच्या लीगमध्ये खेळत असे. रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, मधल्या एखाद्या दिवशी ब्रिटन आणि शनिवारी ग्रां प्री! स्वार विमानाने जात. त्यांचे मेकॅनिक गाड्यांनी भरलेली व्हॅन रात्रभर हाकीत, समुद्र ओलांडून पुढल्या मैदानावर हजर होत. मोलिलाला सामन्यानंतर मी असाच एक मेकॅनिक पाहिला. व्हॅनच्या पायरीवर बसून तो एका हाताने पाव खात होता आणि दुसऱ्या हाताने चाकावरची माती खरवडत होती. टाळ्या स्वारांना मिळतात. झोप मात्र या माणसांची जाते.

पोलंड : शहराचे कुलदैवत

परदेशातली इतर मैदाने मी पाहिली. पोलंडमध्ये मात्र मी शिकलो. पोलिश भाषेत या खेळाला 'झुझेल' म्हणतात. शब्दाचा अर्थ भट्टीतून निघणारी राख-खडी. पूर्वी मार्गावर तीच पसरत. नावातच कारखाना आहे. क्लबांच्या नावांतही तो आहे. झेलोना गुरा येथील 'फालुबाझ' हे वस्त्रोद्योगाची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याचे नाव, तोरुनचे 'अपातोर' विद्युत उपकरणांच्या कारखान्याचे, गोझुफचे 'स्ताल' म्हणजे पोलाद. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये निर्लॉन, मफतलाल यांचे संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाते चटकन कळेल.

२ सप्टेंबर १९७३ हा पोलिश चाहत्यांच्या दृष्टीने सोन्याचा दिवस. होझुफ येथील सायलेशियन मैदानावर जागतिक अंतिम फेरी होती आणि एक लाखाहून अधिक लोक जमले होते. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर तेव्हा ऐन भरात होता. पुढे त्याची विजेतेपदे सहावर गेली. त्याची आणि फारशा कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या येर्झी श्चाकिएलची गुणांत बरोबरी झाली. निर्णायक शर्यतीत मेजर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. दुसऱ्यासाठी त्यांना २०१० पर्यंत थांबावे लागले. तो मान तोमाश गोलोबचा. त्यानंतर आलेल्या बार्तोश झ्मार्झलिकने २०२५ मध्ये सहावे विजेतेपद मिळवून मेजर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्याशी बरोबरी केली.

पोलंडमधील माझा पहिला सामना पावसाने वाहून गेला. चिंब भिजलेल्या आम्हा तिघांना पाहून शेजारच्या कुटुंबाने घरी नेले आणि गरम सूप पाजले. एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. संभाषण झाले ते केवळ स्वारांच्या नावांनी. एकाने नाव घ्यायचे, दुसऱ्याने मान डोलवायची किंवा नाक मुरडायचे! दोन तास गप्पा रंगल्या असे म्हणायला हरकत नाही.

२०११ मध्ये लेश्नोला गेलो. वस्ती साठ-पासष्ट हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण देशातील सर्वाधिक लीग विजेतेपदे याच गावाच्या 'उनिया' क्लबाकडे. मैदानाला आल्फ्रेड स्मोचिक या स्वाराचे नाव आहे. १९५० साली तरुण वयात रस्त्यावरील मोटारसायकल अपघातात तो गेला. रविवारी दुपारी चर्चमधून बाहेर पडलेली कुटुंबे जेवण उरकून थेट मैदानाकडे निघाली. आजोबा, सून, कडेवर नातू, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे मफलर. हातात सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या. दातांनी फोल फोडीत सामना पाहण्याची तिथली रीत आपल्या शेंगा सोलण्यासारखीच.

शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या हातातली पेन्सिल पाहिली आणि आपली पुस्तिका पुढे केली. तेच पंधरा चौकोन, तेच ३-२-१-०. अक्षरे तेवढी वेगळी. स्वार पडला तर आम्ही 'एफ' लिहीत असू, ते 'उ' लिहीत होते. गाडी बिघडली तर 'द', पंचांनी बाद ठरविले तर 'व'. पाचव्या शर्यतीपर्यंत मी त्यांची अक्षरे शिकलो. नवव्या शर्यतीत धुरळ्यामुळे मला तिसरा कोण हे दिसले नाही. त्यांनी न बोलता माझ्या पानावर बोट ठेवून आकडा दाखविला. सामना संपल्यावर आम्ही दोघांच्या बेरजा जुळवून पाहिल्या. जुळल्या! त्यांनी टोपी काढून हस्तांदोलन केले.

तोरुन हे कोपर्निकसचे जन्मगाव. २००९ मध्ये इथे केवळ स्पीडवेसाठी 'मोटोअरेना' हे नवे मैदान उभे राहिले. १९७० साली शर्यतीत प्राण गमावलेल्या मारियान रोझेचे नाव त्याला दिले आहे. त्याहीपेक्षा मला थबकायला लावले ते बाहेरच्या रस्त्यावरील पाटीने. रस्त्याचे नाव पेर योन्सन. हा स्वीडनचा, १९९० चा जगज्जेता. तोरुनच्या संघाकडून खेळताना १९९४ मध्ये त्याचा भीषण अपघात झाला आणि तो कायमचा चाकाच्या खुर्चीला खिळला. परक्या देशातून आलेल्या, आपल्यासाठी शरीराची किंमत मोजलेल्या खेळाडूचे नाव शहराने त्याच्या हयातीत रस्त्याला दिले. या खेळात ब्रेक नाहीत हे आपण कौतुकाने सांगतो. त्याची दुसरी बाजू त्या पाटीवर आहे. आज कठड्यांना हवेच्या जाड उशा लावतात, शिरस्त्राणे आणि चिलखते सुधारली आहेत. तरी चार फेऱ्यांतल्या प्रत्येक वळणावर स्वार काय पणाला लावतो, हे तोरुनचे लोक विसरलेले नाहीत.

ब्रिटनमध्ये काय हरवले?

जो खेळ इंग्लंडने वाढविला, तो तिथे का आक्रसला आणि पोलंडमध्ये का फोफावला? मैदाने पाहता पाहता मला त्याचे एक उत्तर सापडले. ते शर्यतीत नसून सात-बाराच्या उताऱ्यात आहे! पोलंडमधील बहुतेक मैदाने नगरपालिकांच्या मालकीची. शहराला पाणी हवे, शाळा हवी, तसे मैदान हवे, अशी तिथली समजूत. त्यात भर म्हणजे लेश्नो, गोझुफ, झेलोना गुरा अशा शहरांत अव्वल फुटबॉल नाही. शहराची इभ्रत स्पीडवेवरच तोलली जाते. पुरस्कर्ते येतात, पैसा येतो आणि जगातले उत्तम स्वारही येतात.

ब्रिटनमध्ये मात्र क्लब बहुधा भाडेकरू. मैदाने पुष्कळदा कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बांधलेली आणि खासगी मालकांची. त्या शर्यतींचा धंदा बसला, शहरे पसरली, जमिनींचे भाव चढले. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या सामन्यापेक्षा तिथे घरे बांधणे केव्हाही किफायतशीर. आवाजाबद्दल नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. लंडनमधील विम्बल्डनचा संघ २००५ नंतर बेघर झाला. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो येथील खेळ २०२३ मध्ये थांबला. सगळेच चित्र काळे आहे असे नाही. २००७ मध्ये बंद पडलेले ऑक्सफर्ड २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मँचेस्टरला २०१६ मध्ये खास स्पीडवेसाठी राष्ट्रीय मैदान उभे राहिले आणि २००१ पासून कार्डिफला होत असलेली ब्रिटिश ग्रां प्री २०२५ मध्ये तिथे आली. पण ज्या गावातले मैदान गेले, त्या गावाला दुसऱ्या शहराच्या मैदानाचा उपयोग काय?

आमचे ब्रँडन २०१६ च्या मोसमानंतर बंद झाले. त्या जागेवर घरे बांधण्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. दरम्यान रिकाम्या वास्तूची मोडतोड झाली, आगी लागल्या. २००७ मध्ये आमच्याच संघाच्या ख्रिस हॅरिसने कार्डिफला शेवटच्या फेरीत ग्रेग हॅन्कॉकला गाठून ब्रिटिश ग्रां प्री जिंकली, तेव्हा आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. अवघ्या नऊ वर्षांत त्या संघाला घर उरणार नाही, असे कोणी सांगितले असते तर वेड्यात काढले असते.

मी २०१४ मध्ये भारतात परतलो होतो. मैदान बंद झाल्याचे माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच दूरध्वनीवरून कळविले. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते तिथे प्रथम गेले होते. आता प्रवास झेपत नसल्याने दुसऱ्या शहरातल्या मैदानावर जाणे त्यांना शक्य नव्हते. मग एक परिपाठ पडला. पोलंडचा सामना झाला की मी संगणकावर निकाल पाहायचा, पुण्याहून त्यांना दूरध्वनी करायचा आणि शर्यतीमागून शर्यत गुण वाचून दाखवायचे. ते पलीकडे लिहून घेत. मधूनच विचारीत, 'त्या आठव्या शर्यतीत बाहेरून गेला की आतून?' मला ठाऊक नसे. तरी मी कधी आतून, कधी बाहेरून असे ठोकून देत असे. एका मोसमाच्या अखेरीस त्यांच्या मुलीचा दूरध्वनी आला आणि तो परिपाठ थांबला. काही महिन्यांनी टपालाने एक पाकीट आले. आत त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या वहीची पाने होती. हाताने आखलेले पंधरा-पंधरा चौकोन, त्यांत पोलिश नावे आणि मी सांगितलेले आकडे. आठव्या शर्यतीपुढे समासात बारीक अक्षरांत लिहिलेले : 'बाहेरून'.

ती पानेही आता खोक्यात आहेत. मैदानाची माती उपसली जाते, कठडे मोडतात, जमिनीचा वापर बदलतो. त्या जागी कोण किती वेगाने कोणत्या बाजूने गेले, याचा लेखाजोखा अखेर प्रेक्षकाच्या पेन्सिलीत उरतो. म्हणून येत्या दिवाळीतही 'हे रद्दीत द्यायचे का?' असा प्रश्न विचारला जाईल, आणि खोका पुन्हा माळ्यावर जाईल.